नगर जिल्ह्याबाहेरची प्रयोगशाळा

अहमदनगर महाविद्यालय १९४७ मध्ये, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या स्थापनेच्या दोन वर्षे आधी, सुरू झाले. तथापि अणुकेंद्रीय भौतिकीच्या प्रयोगांसाठी लागणारा त्वरक, म्हणजे विद्युतभारित कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, एखाद्या महाविद्यालयाच्या आवाक्यातले कधीच नव्हते, त्यामुळे नगर जिल्ह्यातील या विषयाचा इतिहास जिल्ह्याबाहेरच शोधावा लागतो.

जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या पुणे विद्यापीठाशी संलग्न झाली, तेथील भौतिकशास्त्र विभागात एम. आर. भिडे, व्ही. एन. भोरासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास इलेक्ट्रॉनांना आठ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत ऊर्जा देणारा 'रेसट्रॅक मायक्रोट्रॉन' उभारला. यात समोरासमोरचे दोन चुंबक इलेक्ट्रॉनांची वाट वळवून त्यांना धावपट्टीसारख्या लांबट मार्गावर फिरवतात, आणि प्रत्येक फेरीत ते सूक्ष्मलहरींनी भारलेल्या एकाच पोकळीतून जाऊन ऊर्जेचा नवा हप्ता घेतात; एकच पोकळी पुन्हा पुन्हा वापरण्याची ही काटकसर विद्यापीठाच्या ऐपतीला साजेशीच होती.

जड आयनांसाठी, म्हणजे जड मूलद्रव्यांच्या विद्युतभारित अणूंसाठी, मात्र याहून मोठे यंत्र हवे होते. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये दिल्लीत आंतरविद्यापीठीय अणुविज्ञान केंद्र स्थापले, तर मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांचा संयुक्त 'पेलेट्रॉन' त्वरक १९८८च्या अखेरीस कार्यान्वित झाला.