गिरणगाव
मुंबई शहराच्या मध्यभागातील कापडगिरण्यांचा व कामगारवस्तीचा परिसर. यात लालबाग, परळ, चिंचपोकळी, वरळी इ. भाग मोडतात. मुंबईतील पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे स्थापन केली. पुढे गिरण्या वाढून रत्नागिरी, सातारा इ. जिल्ह्यांतील कामगार येथे आले. कुटुंब गावी ठेवून ते चाळींत गाववार एकत्र राहत. जेवणाची सोय खाणावळवाल्या स्त्रिया करीत. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ पासून झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर त्यांच्या जमिनींवर कार्यालये, व्यापारसंकुले व धनिकांची निवासस्थाने उभी राहिली. अनेक कामगारकुटुंबे दूरच्या उपनगरांत वा गावी गेली. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी घरांची सोडत काढली. तथापि सर्वांना घरे मिळाली नाहीत.