रानकांद्याची कुळकथा

रानकांदा ऊर्फ कोळकांदा ही पानझडी रानात, माळावर आणि समुद्रकाठच्या वाळूतही वाढणारी कंदवर्गीय वनस्पती आहे. संस्कृतात तिला वनपलांडू म्हणतात. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातले बोरचे जंगल ज्या कोरड्या पानझडी जातीचे आहे, तसले रान तिला मानवते.

जमिनीखालचा पांढुरका गड्डा हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, पापुद्र्यावर पापुद्रा. पण कापल्यावर कांद्याचा वास येत नाही आणि रस लागला की अंगाला खाज सुटते. उन्हाळ्यात, पानांचा मागमूसही नसताना, गड्ड्यातून बिनपानांचा दांडा वर येतो. त्यावरची हिरवट-तपकिरी फुले तिन्हीसांजेनंतर उमलतात. लांब पट्ट्यांसारखी पाने पावसाळ्यात फुटतात.

कुळाने हा कांद्याचा सख्खा नव्हे. तो शतावरीच्या कुळातला, तर घरचा कांदा ॲलियम प्रजातीचा. ॲलियमची रानटी भावंडे भारतात मुख्यतः हिमालयात आढळतात. उत्तराखंडच्या नीती खोऱ्यात, मलारी गावाजवळ सापडलेल्या अशाच एका जातीला २०२१ मध्ये ॲलियम नेगियानम हे नाव मिळाले.

रानकांद्याचे शास्त्रीय नाव मात्र दोनदा बदलले. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याला सिला इंडिका म्हटले. हे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली विल्यम कॅरी यांनी सेरामपूरहून काढलेल्या 'फ्लोरा इंडिका'त आले. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापणारे कॅरी ते हेच. १८४३ मध्ये कुंथ यांनी तो अर्जिनिया प्रजातीत घातला. हे नाव अल्जीरियातल्या बेन अर्जिन टोळीवरून आले आहे. १९७७ मध्ये जेसप यांनी केलेले ड्रिमिया इंडिका हे नाव आज रूढ आहे.

भूमध्य समुद्राकाठी याचाच भाऊबंद प्राचीन काळापासून औषधात वापरला जाई. त्याला पर्याय म्हणून भारतीय रानकांदा औषधसंहितेत आला. यातील ग्लायकोसाइड द्रव्ये हृदयाचे ठोके जोरकस करतात, लघवी वाढवतात आणि कफ सोडवतात. मात्रा चुकली तर तीच द्रव्ये उलट्या करवतात आणि हृदयाची लय बिघडवतात. म्हणून घरगुती प्रयोग जिवावर बेतू शकतो.

औषधासाठी गड्डाच खणला जातो, आणि गड्डा गेला की झाड संपते. बोर १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, त्यामुळे तिथे कंद खणण्यास कायद्याने बंदी आहे. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या रानांत मात्र गड्डे खणण्याऐवजी चपट्या काळ्या बियांपासून लागवड करणे, हाच ही वनस्पती टिकवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.