लॅनार्कशायरचे दूध आणि शिक्षकांची दया

१/ एम.एड.चा लघुप्रबंध ज्याने लिहिला, त्याला ‘टी’ मूल्य ठाऊक असते. दोन गटांच्या सरासरींमधील फरक खरा मानावा की योगायोगाचा, याचा निवाडा करण्यासाठी ते काढतात. ज्या गृहस्थाच्या १९०८ सालच्या लेखातून हे परिमाण आले, त्याने १९३१ साली शाळकरी मुलांवरील एका प्रचंड प्रयोगाची कठोर चिकित्सा केली होती. त्या प्रयोगाचा हा इतिहास. #थ्रेड #इतिहास

२/ स्थळ : स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगणा. कोळसा, पोलाद आणि कामगारवस्त्या यांचा हा प्रदेश. काळ : फेब्रुवारी ते जून १९३०. जागतिक मंदीची झळ लागू लागली होती. शाळेत रोज दूध दिले तर गरीब मुलांची वाढ सुधारेल काय, हा प्रश्न डॉक्टर, शिक्षक आणि सरकार अशा तिघांच्याही पुढे होता.

३/ प्रयोगाचा आवाका आजही थक्क करतो. ६७ शाळा आणि पाच ते बारा वर्षे वयाची सुमारे २०,००० मुले. त्यांपैकी १०,००० मुलांना चार महिने रोज पाऊण पाइंट, म्हणजे सव्वाचारशे मिलिलिटरच्या आसपास दूध मिळणार होते. उरलेल्या १०,००० मुलांना दूध द्यायचे नव्हते. आरंभी आणि अखेरीस सर्वांची उंची व वजन मोजायचे होते. खर्च सुमारे ७,५०० पौंड.

४/ याला जोडून आणखी एक प्रश्न होता. दूध पिणाऱ्यांपैकी ५,००० मुलांना कच्चे दूध आणि ५,००० मुलांना पाश्चरीकृत दूध देण्यात आले. दुधावाटे क्षय पसरतो म्हणून ते तापवावे, असे एक पक्ष म्हणे. तापवल्याने त्याचे सत्त्व जाते, असे दुसरा म्हणे. हा वाद मिटवण्याचे कामही याच प्रयोगावर सोपवले गेले.

५/ आता कळीचा मुद्दा. प्रत्येक शाळेतील निम्म्या मुलांना दूध मिळणार, निम्म्यांना नाही. मग कोणाला द्यायचे, हे कोणी ठरवायचे? काही शाळांत चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, काही ठिकाणी नावांचा वर्णानुक्रम घेतला गेला. येथपर्यंत ठीक होते. परंतु या पद्धतीने एखाद्या गटात धडधाकट किंवा कुपोषित मुले जास्त आली, तर अदलाबदल करून गट समान करण्याची मुभा शिक्षकांना दिलेली होती.

६/ शिक्षक मुलांना ओळखत होते. कोणाच्या डब्यात काय असते, कोणाचा बाप बेकार आहे, कोण थंडीत कुडकुडत येतो, हे त्यांना रोज दिसत होते. समोर दूध आहे, हाती यादी आहे आणि एक नाव बदलण्याची मुभाही आहे. अशा वेळी हात कोणत्या नावाकडे वळला असेल, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही.

७/ परिणाम आकड्यांत उमटला. प्रयोग सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे दुधाचा एकही पेला दिलेला नसताना, दूध न मिळणारी मुले दूध मिळणाऱ्यांपेक्षा सरस होती. वजनात सुमारे तीन महिन्यांच्या वाढीइतकी आणि उंचीत सुमारे चार महिन्यांच्या वाढीइतकी! चार महिने चालणाऱ्या प्रयोगात आरंभीचाच फरक चार महिन्यांचा होता.

८/ १९३० साली अधिकृत अहवाल प्रसिद्ध झाला. दूध पिणाऱ्या मुलांची वाढ अधिक झाली आणि कच्च्या व पाश्चरीकृत दुधाचा परिणाम सारखाच आहे, असा त्याचा निष्कर्ष. पुढच्याच वर्षी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात त्यावर एक लेख आला. लेखकाचे नाव होते ‘स्टुडंट’.

९/ ‘स्टुडंट’ म्हणजे विल्यम सीली गॉसेट. ऑक्सफर्डमध्ये रसायन आणि गणित शिकलेला हा माणूस डब्लिनच्या गिनीज मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होता. कारखाना आपल्या नोकरांना स्वतःच्या नावाने संशोधन छापू देत नसे, म्हणून त्याने हे टोपणनाव घेतले. बार्ली आणि हॉप्स यांचे मोजके नमुने हाती असताना विश्वासार्ह अनुमान कसे काढावे, या रोजच्या अडचणीतून त्याचे ‘टी’ परिमाण जन्मले.

१०/ गॉसेटचा पहिला आक्षेप गटांवर होता. गरीब घरची मुले एका बाजूस अधिक असतील, तर जूनमध्ये दिसलेला फरक दुधाचा की घरच्या परिस्थितीचा, हे सांगता येत नाही. शिवाय चूक कोणत्या दिशेने झाली, हेही ठरत नाही. उपाशी मुलाला दूध अधिक मानवते, म्हणून परिणाम फुगलेला असेल; किंवा घरी पोटभर न मिळाल्याने त्याची वाढ मुळातच मंद राहून परिणाम दबलेलाही असेल.

११/ दुसरा आक्षेप अधिक बारीक नजरेचा. मुलांची वजने अंगावरच्या कपड्यांसह घेतली होती, तीही एकदा फेब्रुवारीत आणि एकदा जूनमध्ये. सुस्थितीतील मूल हिवाळ्यात लोकरीचे जाड कपडे घालते आणि उन्हाळ्यात ते उतरवते. गरीब मुलाकडे उतरवण्यासारखे असतेच किती? म्हणजे सुस्थितीतील मुलांच्या वजनवाढीतून उतरलेल्या कपड्यांचा भार वजा झाला. ती मुले प्रामुख्याने दूध न मिळणाऱ्या गटात होती. त्यामुळे दुधाचे श्रेय आपोआप वाढले.

१२/ तिसरा आक्षेप दुधाच्या दोन प्रकारांबाबत. कोणत्याही एका शाळेत दोन्ही प्रकारचे दूध दिले नव्हते. मग तुलना दुधा-दुधांची झाली की शाळा-शाळांची? अहवालाच्या या निष्कर्षाला रोनाल्ड फिशर आणि एस. बार्टलेट यांनीही त्याच वर्षी ‘नेचर’मधून आव्हान दिले.

१३/ दूध निरुपयोगी आहे, असे गॉसेटचे म्हणणे नव्हते. लाभ किती झाला, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही, एवढेच तो सांगत होता. पर्यायही त्याने दिला. वय, लिंग, उंची आणि वजन यांत शक्य तितक्या सारख्या मुलांच्या जोड्या लावाव्यात आणि प्रत्येक जोडीतील दूध कोणाला, हे नाणे उडवून ठरवावे. समरूप जुळ्यांच्या जोड्या घेतल्या तर पन्नासच जोड्यांतून अधिक भरवशाचे उत्तर मिळेल आणि खर्च मूळ प्रयोगाच्या एक-दोन टक्क्यांत भागेल, असा त्याचा हिशेब होता.

१४/ येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. गट समतोल असावेत ही शिक्षकांची इच्छा चुकीची नव्हती. गॉसेट स्वतः समतोलाचा आग्रही होता आणि याच मुद्द्यावर पुढे त्याचे फिशरशी मतभेद झाले. चूक होती ती क्रमात. शिक्षकांनी आधी चिठ्ठी टाकली आणि मग मनाला पटेल तसा समतोल साधला. गॉसेट म्हणतो, समतोल आधी साधा, तोही मोजून. आणि शेवटचा निर्णय नाण्यावर सोडा.

१५/ राज्यकारभार मात्र संशोधनासाठी थांबत नाही. १९३४ साली ब्रिटनमध्ये शाळांतून सवलतीच्या दरात दूध देण्याची योजना सुरू झाली. १९४६ पासून ते मोफत मिळू लागले. १९७१ साली मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना सात वर्षांवरील मुलांचे मोफत दूध बंद झाले, तेव्हा मोठे वादळ उठले. अशा प्रत्येक वळणावर ‘लाभ नेमका किती?’ हा प्रश्न पुन्हा पुढे येतो. २०,००० मुलांची मोजमापे हाताशी असूनही लॅनार्कशायर त्याचे खात्रीचे उत्तर देऊ शकले नाही.

१६/ १९६३ साली डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी अध्यापनविषयक संशोधनाच्या हस्तपुस्तिकेत प्रायोगिक अभिकल्पांवर एक प्रकरण लिहिले. शिक्षणशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी अंतर्गत सप्रमाणतेला बाधक ठरणारे जे घटक पाठ करतात, ती यादी तेथली. त्यातील तीन घटक लॅनार्कशायरमध्ये एकाच वेळी भेटतात. सदोष गटनिवड म्हणजे शिक्षकांची अदलाबदल, मापनातील बदल म्हणजे ते कपडे आणि परिपक्वन म्हणजे मुले तशीही वाढतच असतात, ही साधी गोष्ट.

१७/ आपल्याकडे मुंबई विद्यापीठात १९३६ साली एम.एड. सुरू झाले. तेव्हापासून नव्या अध्यापनपद्धतीची परिणामकारकता तपासणारे प्रबंध लिहिले जात आहेत. त्यांतील एक ओळखीचा साचा पाहा : तुकडी ‘अ’ला नवी पद्धत, तुकडी ‘ब’ला पारंपरिक. पण तुकड्या गुणांनुसार पाडल्या असतील तर? नवी पद्धत स्वतः संशोधकच उत्साहाने शिकवत असेल तर? अशा वेळी ‘टी’ मूल्य ०.०१ स्तरावर सार्थ आले, तरी ते फक्त फरक आहे एवढेच सांगते. तो फरक कशामुळे पडला, याचा जबाब गटनिवडीनेच द्यायचा असतो.

१८/ राहिला प्रश्न दयेचा. भुकेल्या मुलाला दूध देणाऱ्या शिक्षकाला दोष द्यावा काय? माझ्या मते नाही. दोष योजनेचा होता. तिने शिक्षकावर एकाच वेळी अन्नदात्याची आणि तटस्थ निरीक्षकाची भूमिका लादली. अतिकृश मुलांना प्रयोगाबाहेर ठेवून थेट दूध देता आले असते, किंवा उरलेल्यांना जूननंतर दूध देण्याचे वचन देता आले असते. मग शिक्षकाला यादीला हात लावण्याची गरजच पडली नसती.

१९/ म्हणून संशोधनपद्धतीचा पेपर शिकताना ‘यादृच्छिक निवड’ ही पाच गुणांची टीप म्हणून सोडून देऊ नये. ज्याच्या हाती यादी असते, त्याला त्या यादीतले चेहरे ठाऊक असतात. तो माणूस जितका सहृदय, तितका त्याचा हात यादीवर जड पडण्याचा संभव अधिक. चिठ्ठी किंवा नाणे वापरायचे ते यासाठी. लघुप्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात नमुना निवडीचा परिच्छेद लिहिताना लॅनार्कशायरची ती मुले आठवावीत. (समाप्त)