म्हसळे महालाचे कागद व सरकारी दप्तरें

राजपुरीच्या खाडीच्या एका फांट्याच्या शेवटीं वसलेलें म्हसळें ता. 8 मार्च 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानांत होतें. या एका गोष्टीचा परिणाम तेथील कागदांच्या नशिबावर फार झाला आहे; तो संग्राहकांच्या ध्यानांत यावा एवढ्याचकरितां हें टिपण.

पुण्याचें पेशवे दप्तर सरकारनें राखलें तें इतिहासाच्या प्रेमानें नव्हे. वतनें व इनामें कोणाचीं खरीं, कोणाचीं खोटीं, हें ठरविण्यास तें हवें होतें. सन 1852 च्या 11 व्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले आणि इनामदारांस आपल्या सनदा पुढें आणाव्या लागल्या. लोकांस तो जाच वाटला. परंतु त्या जाचापायींच अनेक घराण्यांचे कागद वा त्यांच्या नकला सरकारी रुमालांत जाऊन सुरक्षित झाल्या. पुढें 1930 ते 1934 या काळांत रियासतकार सरदेसायांनीं त्याच दप्तरांतून 45 भाग निवडून छापविले. सिद्दीवरील 1733 ते 1736 च्या मोहिमेचे कागद त्यांत आहेत.

पण कमिशनाचा हात ब्रिटिश मुलखापुरता. संस्थानी मुलूख त्याच्या कक्षेबाहेर राहिला. म्हणून मोहिमेचें म्हसळें पुण्यास सांपडेल. पाटील, कुळकर्णी, खोत, काजी यांचें म्हसळें तेथें शोधणें हा मार्ग चुकल्याचाच प्रकार होय. तें संस्थानी दप्तरांत नि घरोघरच्या पेट्यांत पाहावें. कुलाब्याचा कलेक्टर हाच जंजिऱ्याचा पोलिटिकल एजंट असे. तेव्हां अलीबाग व मुंबई येथील पत्रव्यवहारही सोडूं नये.

दगडास आश्रय लवकर मिळाला. मांदाडजवळील कुड्याच्या लेण्यांतील लेख बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनीं वाचून 1881 सालीं सरकारी छापखान्यांतून प्रसिद्ध केले, व तीं लेणीं आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहेत. मोडी कागदास असा वाली सहसा मिळत नाहीं.

महसुली कचेरींत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. अ वर्ग कायम राहतो, ब वर्ग तीस वर्षें, आणि ड वर्गाची मुदत वर्षाचीच. ही वांटणी कारभाराच्या सोयीची आहे. पाऊसपाण्याविषयींची एखादी चिठी ड वर्गांत पडावी हें कारकुनाच्या दृष्टीनें योग्यच, पण इतिहासास तीच हवी असते. 2005 च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्यानें या नाशास कांहीं आळा घातला खरा. तथापि ज्यास मोडी येत नाहीं त्यानें वर्ग ठरवावा कसा?

याचें उत्तर अनपेक्षित दिशेनें आलें. 2023 सालीं कुणबी नोंदी शोधण्याकरितां न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, प्रथम मराठवाड्यापुरती, मग सर्व राज्याकरितां. तहसील कचेऱ्यांतील जुनीं बाडें सुटलीं, मोडीच्या जाणकारांस बोलावणीं गेलीं. पुन्हां तोच न्याय: हक्काचा प्रश्न उभा राहिला तेव्हां कागदाची आठवण झाली. मात्र शोधणाराची नजर जातीच्या रकान्यावर होती. त्याच पानावरील गांवाचें, धंद्याचें वा रोगराईचें नांव कोणी टिपून घेतलें असेल असें मानण्यास आधार नाहीं.

पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग भरवितें. तेथें तयार झालेला एक वाचक प्रत्येक तहसिलीस वर्षांतून आठ दिवस मिळाला, आणि निर्लेखनाची यादी त्याच्या नजरेखालून गेली, तर खर्च फारसा नाहीं. म्हसळ्यापासून आरंभ करावा. तेथील दमट हवेंत कागदास फार दिवस थांबवतां येत नाहीं.