हाँगकाँगचं दार : प्लेगपासून कोरोनापर्यंत

आपल्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांमधून एक शब्द अजून ऐकू येतो, 'प्लेगच्या वेळी'. प्लेगच्या वेळी वाडा सोडला, प्लेगच्या वेळी मळ्यात झोपडी बांधून राहिले, प्लेगच्या वेळी अमक्या आजी गेल्या. सव्वाशे वर्षं झाली तरी घराघरांत काळ मोजायची ती एक खूण आहे. पण तो प्लेग मुंबईत आला कुठून, हे फारसं कुणी सांगत नाही. तो हाँगकाँगहून आला असं मानलं जातं. आज त्याच हाँगकाँगबद्दल लिहितो आहे. त्या शहरानं दोन वर्षं कोरोनाला दाराबाहेर ठेवलं आणि शेवटी ज्या जागी मार खाल्ला, ती जागा आपल्या उंडेऱ्याच्या गोष्टीशी जुळते.

आधी हे गाव काय आहे ते थोडक्यात. दीडशेहून अधिक वर्षं ब्रिटिशांच्या ताब्यात असलेलं हे बंदर १ जुलै १९९७ ला चीनकडे परत गेलं. 'एक देश, दोन व्यवस्था' असा करार होता. चलन वेगळं, कोर्ट वेगळं, आरोग्य खातं वेगळं, आणि मुख्य म्हणजे चीनच्या मुख्य भूमीशीसुद्धा मध्ये नाकं आणि तपासणी. परराष्ट्र आणि संरक्षण तेवढं बीजिंगकडे. आपल्याला समजायला सोपं जाईल अशी तुलना करायची तर आपल्या संस्थानांसारखं. दरबार आपला, पण वर रेसिडेंट बसलेला. वस्ती सुमारे ७५ लाख, आणि जागा इतकी कमी की माणसं एकावर एक रचल्यासारखी चाळीस-चाळीस मजल्यांत राहतात. गरिबांच्या वाट्याला तर एका फ्लॅटचे फळ्या ठोकून केलेले चार-पाच खण येतात.

मुंबईचं आणि हाँगकाँगचं नातं जुनं. अफू, कापूस आणि सुताच्या व्यापारातून मुंबईचे पारशी तिथे गेले. त्या शहराचं विद्यापीठ उभं राहिलं त्यात होरमसजी मोदी यांची मोठी देणगी होती, आणि खाडी ओलांडणारी प्रसिद्ध स्टार फेरी दोराबजी नवरोजींनी सुरू केलेली. जहाजं माल आणत होती, आणि मालाबरोबर उंदीरही.

१८९४ च्या मे महिन्यात हाँगकाँगच्या ताइपिंगशान या दाट चिनी वस्तीत प्लेग फुटला. त्या एका वर्षात अडीच हजारांवर माणसं मेली आणि हजारो लोक शहर सोडून गेले. सरकारनं गोऱ्या सोजिरांना घरोघरी पाठवलं. ते आजारी माणसं ओढून काढायचे, सामान जाळायचे, भिंतींना चुना फासायचे. रोग्यांना बंदरातल्या एका जहाजावर नेऊन ठेवत, त्यामुळे लोक आजारी माणसं लपवायला लागले. वाचताना पुण्याच्या रँडसाहेबाची आठवण येते ना? तीच पद्धत, फक्त तीन वर्षं आधी. त्याच उन्हाळ्यात जपानचे किटासाटो आणि फ्रेंच डॉक्टर येर्सँ हे दोघे हाँगकाँगला पोचले आणि प्लेगचा जंतू सापडला. येर्सँना इस्पितळात जागाही मिळाली नव्हती. त्यांनी गवताच्या झोपडीत सूक्ष्मदर्शक मांडला होता.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. पुढचं आपल्याला माहीत आहे. १० मार्च १८९७ ला रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला होता, जो २०२० मध्येही आपल्या देशात पुन्हा वापरला गेला.

आणि त्याच काळात मुंबईत वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस लागू पडते की नाही याची एक फार स्वच्छ परीक्षा झाली ती आपल्या बडोदा राज्यातल्या उंडेरा गावी, फेब्रुवारी १८९८ मध्ये. आज बडोद्याच्या अंगाला चिकटलेलं हे गाव. तिथे प्लेग सुरू होता. प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस दिली, अर्ध्यांना नाही. एकच घर, एकच पाणी, तेच उंदीर. नंतर हिशोब झाला तेव्हा रोग शिरलेल्या २८ घरांत लस न घेतलेल्या ६४ पैकी २६ जण दगावले होते. घेतलेल्या ७१ पैकी ३. हा आकडा मनात ठेवा, पुढे लागेल.

आता एकदम २००३. ग्वांगडोंगहून आलेला एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या एका हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरला, आणि त्या मजल्यावरून सार्स नावाचा रोग जगभर गेला. हाँगकाँगमध्ये १,७५५ लोकांना तो झाला, २९९ गेले. त्यात डॉक्टर-नर्सही होते. अमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत तर सांडपाण्याच्या कोरड्या पडलेल्या नळांतून रोग मजल्या-मजल्यांवर चढला. तेव्हापासून त्या शहराला मोरीच्या जाळीत पाणी ओतायची सवय लागली. सर्दी झाली तर मास्क लावून घराबाहेर पडायचं, हाही तिथला शिष्टाचार झाला.

म्हणून ३१ डिसेंबर २०१९ ला वुहानची बातमी आली तेव्हा बाकी जग नववर्षाच्या गडबडीत होतं आणि हाँगकाँगच्या लोकांनी कपाटातून मास्क काढले. सरकारचा हुकूम यायची वाट त्यांनी पाहिली नाही. तसा त्यांचा सरकारवर विश्वासही उरला नव्हता. २०१९ चं अख्खं वर्ष मोर्चे, अश्रुधूर आणि अटकांमध्ये गेलं होतं. गंमत पाहा, ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच सरकारनं मोर्च्यात चेहरा झाकायला बंदी घातली होती, आणि जुलै २०२० पासून चेहरा न झाकणं हा गुन्हा ठरला.

पहिले रोगी २३ जानेवारी २०२० ला पक्के झाले. चीनचं नाकं पूर्ण बंद करा, ही मागणी घेऊन ३ फेब्रुवारीपासून हजारो इस्पितळ कर्मचाऱ्यांनी पाच दिवस संप केला. सरकारनं बहुतेक नाकी बंद केली, सगळी नाही. ८ फेब्रुवारीपासून मुख्य भूमीतून येणाऱ्याला १४ दिवस विलगीकरण सक्तीचं झालं आणि मार्चअखेर बाहेरच्या प्रवाशांना विमानतळावरून प्रवेशच बंद झाला. लोकांची घालमेल इतकी की मोंगकॉक भागात चाकू दाखवून टॉयलेट पेपरचे ६०० रोल पळवले गेले! हसू येतं, पण आपल्याकडेही त्या मार्चमध्ये तुरडाळीच्या दुकानापुढे काय झालं होतं ते आठवा.

हाँगकाँगनं आपल्यासारखं संपूर्ण लॉकडाउन एकदाही केलं नाही. कामं चालू, मेट्रो चालू. शाळा बंद, चौघांच्या वर (कधी दोघांच्या वर) एकत्र जमायला बंदी, रोगी सापडला की त्याच्या संपर्कातल्यांना सरकारी छावणीत हलवायचं. जानेवारी २०२१ मध्ये जॉर्डन भागातल्या जुन्या इमारती रातोरात वेढून सात हजारांवर लोकांची तपासणी झाली, १३ रोगी सापडले. त्या भागात भारतीय आणि नेपाळी पुष्कळ. त्यांच्या एकत्र राहण्या-जेवण्याच्या सवयींवर अधिकाऱ्यांकडून बोट ठेवलं गेलं आणि नाराजी पसरली. फळ्या ठोकलेल्या खणात माणूस दूर दूर राहणार कसा, हा प्रश्न तसाच राहिला. ताइपिंगशानच्या लोकांनाही १८९४ मध्ये हेच ऐकावं लागलं होतं.

तरी हिशोब पाहिला तर थक्क व्हायला होतं. २०२१ संपलं तेव्हा ७५ लाखांच्या शहरात दोन वर्षांत कोरोनानं गेलेली माणसं होती २१३. आपल्या एकेका तालुक्याचा आकडा त्याहून मोठा असेल.

पण बंद दाराची किंमत कुणीतरी मोजतच असतं. आमच्या नात्यातली एक मुलगी लग्न होऊन हाँगकाँगला स्थायिक झालेली. २० एप्रिल २०२१ पासून भारतातून येणारी विमानं तिथल्या सरकारनं थांबवली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी तिचे वडील इथे बडोद्यात ऑक्सिजनवर होते. ती येऊ शकली असती, परत जाऊ शकली नसती. मुलगा चार वर्षांचा, नोकरी तिथली. तिनं वडिलांना फोनच्या पडद्यावर निरोप दिला. पुढे ऑगस्टनंतर लस घेतलेल्या रहिवाशांना परतायची मुभा मिळाली तेव्हा ती वर्षश्राद्धाची वाट न पाहता आईला भेटून गेली आणि परतल्यावर २१ दिवस हॉटेलच्या खोलीत एकटी राहिली. मला म्हणाली, "काका, खिडकी उघडत नव्हती. पण खरं सांगू, मला रडायला तेवढी जागा हवीच होती."

तिनंच मला शेजारच्या आजींची गोष्ट सांगितली. तिथे म्हाताऱ्या बाईला 'पो पो' म्हणतात. या पो पो ८६ वर्षांच्या. लस फेब्रुवारी २०२१ पासून शहरात फुकट होती, दोन प्रकारची, घराजवळ. पण आजी घेईनात. म्हणायच्या, बाहेर रोगच नाही, मग सुई कशाला? मला रक्तदाब, मला काही झालं तर? मुलगाही म्हणे, राहू दे. असा विचार करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. लशीनंतर कुणी दगावल्याची बातमी पेपरात ठळक यायची, रोगानं दगावल्याची यायचीच नाही, कारण रोगी नव्हते. तरुणांना ओढायला बक्षिसं लागली, अगदी फ्लॅटची सोडतसुद्धा निघाली. पण वृद्धाश्रमांत घरोघर जाऊन टोचायची निकड सरकारलाही वाटली नाही. २०२२ उजाडलं तेव्हा ऐंशीच्या वरच्यांपैकी दोन डोस झालेले चौथाईहून कमी होते.

म्हणजे दार बंद करून दोन वर्षं मिळवली आणि ज्यांच्यासाठी मिळवली तेच उघडे राहिले.

जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन आत आला. त्या वेळी सरकार प्राण्यांच्या एका दुकानातल्या हॅम्स्टरमध्ये विषाणू सापडला म्हणून दोन हजार छोटे प्राणी मारत होतं, आणि लोक रागावून ते प्राणी लपवत होते. मग फेब्रुवारी आला. इस्पितळांच्या आवारात उघड्यावर थंडीत खाटा मांडल्या, वर चांदीच्या रंगाची पांघरुणं, आणि त्यांत बहुतेक म्हातारी माणसं. शवागारं भरली, थंड कंटेनर आणावे लागले, शवपेट्या कमी पडल्या, कारण त्या चीनच्या मुख्य भूमीतून यायच्या आणि नाकं बंद. मार्चमध्ये काही दिवस रोज अडीचशेच्या वर माणसं गेली. लोकसंख्येच्या मानानं त्या दिवसांत हा मृत्यूदर जगात सर्वात वरचा होता. दोन वर्षांत २१३, आणि नंतरच्या चारेक महिन्यांत नऊ हजारांच्या वर. पो पो त्यांतच गेल्या.

न्यूझीलंडनंही दार असंच बंद ठेवलं होतं. पण तिथे दार उघडायच्या आधी म्हाताऱ्यांना लस टोचून झाली होती. ओमिक्रॉन तिथेही भरपूर पसरला, माणसं मात्र त्या मानानं फार कमी गेली. उंडेऱ्याचा हिशोब सव्वाशे वर्षांनी दोन ठिकाणी पुन्हा मांडला गेला, असंच म्हणावं लागेल.

यात स्वायत्ततेचाही एक धडा आहे. सुरुवातीला हाँगकाँगला वाचवलं ते स्वतःच्या नाक्यानं, स्वतःच्या आरोग्य खात्यानं आणि सार्सची आठवण असलेल्या जनतेनं. पण २०२० च्या ३० जूनला राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, सप्टेंबरची निवडणूक साथीचं कारण देऊन वर्षभर पुढे गेली, आणि हळूहळू धोरण बीजिंगकडे पाहून ठरायला लागलं. मुख्य भूमीचं दार उघडायचं तर शून्य रोगी हवेत, म्हणून जगाचं दार बंद. फेब्रुवारी २०२२ मध्ये वरून हुकूम आला की साथ आटोक्यात आणणं हेच पहिलं काम. मदतही आली, डॉक्टर आले, तात्पुरती इस्पितळं बांधली गेली. पण ज्यांना लस द्यायला हवी होती त्यांच्या दाराशी वेळेवर जायचं काम दरबाराचंच होतं, रेसिडेंटाचं नव्हे.

हॉटेलातलं विलगीकरण सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं, चीनचं नाकं जानेवारी २०२३ पासून उघडायला लागलं, आणि १ मार्च २०२३ ला मास्कची सक्ती उठली, ९४५ दिवसांनी. एकूण तेरा हजारांवर माणसं गेली. सक्ती उठल्याच्या दुसऱ्या दिवशीही रस्त्यात बहुतेकांच्या तोंडावर मास्क होता, असं आमची मुलगी सांगते.

मंडळी, आपल्या घरांत प्लेगच्या गोष्टी आहेत, पण त्यात लस कुणी घेतली, कुणी नाकारली, का नाकारली, हे क्वचितच सांगितलं जातं. फक्त कोण गेलं तेवढं उरतं. कोरोनाचं तसं होऊ नये. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तुमच्या घरी काय झालं, आजी-आजोबांना लशीला कुणी नेलं, कुणी अडवलं, हे नावं न घेता का होईना, पण लिहून ठेवा. आणि उंडेरा, मांडवी किंवा सयाजीरावांच्या राज्यातल्या प्लेगच्या झोपड्यांची आठवण कुणाच्या आजोळी अजून सांगितली जात असेल, तर खाली जरूर सांगा. सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.