ठासणीची बंदूक आणि नळीतली काजळी

खंडेनवमीचा दिवस आठवा. ज्या घरांत जुनी हत्यारे आहेत, तिथे त्या दिवशी तलवार, भाला, खंजीर खाली काढतात, पुसून लखलखीत करतात, झेंडूची फुले वाहतात. कोकणात, घाटमाथ्यावर काही घरांतून या रांगेत आणखी एक हत्यार असते. लांबलचक नळीचे, काळवंडलेल्या लाकडी दस्त्याचे, वजनाने चांगलेच जड. ती ठासणीची बंदूक. डुकरे-वानरे भातात, नाचणीत शिरू लागली म्हणजे पूर्वी तिचा एक बार सगळ्या खोऱ्याला जागे करी. आपल्या कायद्यानेही तिची वेगळी दखल घेतली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शेतपिकाच्या रक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. परवाना मात्र हवाच, बरं का.

वाचकहो, आज या बंदुकीची गोष्ट सांगायची आहे. पण लढायांच्या बाजूने नव्हे. ती साफ कशी करीत, भरीत कशी, या बाजूने. ही बाजू क्षुल्लक वाटेल. पण याच बाजूने चालत गेले, की आपण थेट १८५७ सालच्या दाराशी जाऊन उभे राहतो.

आधी 'ठासणे' म्हणजे काय ते पाहू. या बंदुकीला मागून दार नाही. जे काही घालायचे ते तोंडातूनच. प्रथम मापाने दारू ओतायची. तीवर काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा घालून गजाने नीट दाबून बसवायचा. मग गोळी किंवा छर्रे, आणि ते निसटू नयेत म्हणून वर दुसरा बोळा. बोळा आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये; राहिली तर नळी फुटण्याचा धोका. म्हणून जाणता माणूस गजावर दोन खुणा करून ठेवतो : एक रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या नळीची. गज आत सोडला की नळीत काय आहे ते खूणच सांगते. डोळा लावून नळीत पाहणारा शहाणा नव्हे.

आता ही दारू पेटवायची कशी? अगदी जुनी ती तोड्याची बंदूक. सोऱ्यात भिजवून वाळवलेली जळती दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, नळीच्या कानाशी ठेवलेल्या रंजकाला लागे आणि ठिणगी आत शिरे. पावसात तोडा विझे आणि अंधारात त्याचा निखारा शत्रूला दिसे. पुढे चकमकीची बंदूक आली. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटे. १८०७ साली अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेट घेणाऱ्या द्रव्याचे पेटंट घेतले, आणि त्यातूनच पुढे तांब्याची इवलीशी टोपी निघाली. तिलाच आपल्याकडे केप म्हणतात. घोडा तिच्यावर आपटतो, ती फुटते आणि ज्वाळा आत जाते. गावोगावच्या ठासणीच्या बंदुका बहुधा या केपेच्याच.

तिन्ही तऱ्हांत दारू एकच : साधारण शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. आता गंमत अशी, की ही दारू सगळी जळून वायू होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपातच राहतो. काही धूर होऊन उडतो आणि उरलेला नळीच्या आतल्या अंगाला काजळीसारखा चिकटतो. ही काजळी हवेतला ओलावा ओढून घेते, आणि आपल्या पावसाळ्यात एका रात्रीत लोखंडाला गंज धरतो. दोन-चार बार झाले की नळी आतून अरुंद होते आणि गोळी खाली उतरेना होते. म्हणून बार झाला त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवायची, गजाला चिंधी गुंडाळून ती कोरडी निघेपर्यंत फिरवायची, केप बसते त्या पोकळ बोंडीचे छिद्र सुईने मोकळे करायचे आणि मग तेलाचा हात द्यायचा. हे काम 'उद्या करू' म्हणून टाकणाऱ्याची बंदूक मुलाच्या हाती जायची नाही.

साफसफाईची ही कटकट बादशहालाही चुकली नव्हती. अकबराच्या बंदुकखान्याचे वर्णन अबुल फजलाने आईने अकबरीत केले आहे. गुराच्या ओढीने फिरणाऱ्या एका चाकावर सोळा नळ्या एकदम साफ करण्याची युक्ती बादशहाने काढली होती, असे तो नोंदवतो. १५६८ साली चितोडच्या वेढ्यात ज्या बंदुकीने जयमल पडला, त्या 'संग्राम' नावाच्या बंदुकीचे गुणगान आपण ऐकतो. पण तिची नळी कुणी धुतली, त्याचे नाव कुणी घेत नाही!

आपल्या मराठी मुलखातही बंदुकीचे महत्त्व वाढत गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी जी मर्दुमकी गाजवली, ती कवायती बंदुकीची. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉइन्य या सरदाराकडून कवायती फौज उभारली आणि आग्र्याला बंदुका-तोफांचे कारखाने चालवले. आपल्या भाषेनेही या विद्येची खूण जपली आहे. 'काडतूस' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, 'पिस्तूल'ही त्यांच्याचकडून. याच काडतुसापाशी आता आपली गोष्ट येते.

गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी थोडी सैल असते. ती पटकन खाली उतरते. कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. पण सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते, आणि शंभर पावलांपलीकडे तिचा नेम भरवशाचा नाही. याला उपाय ठाऊक होता. नळीत मळसूत्रासारख्या खाचा पाडायच्या, म्हणजे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. हीच रायफल. परंतु खाचांत बसायला गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी काजळीने भरलेल्या नळीत तोंडाकडून ठासणे म्हणजे घाम काढणारे काम. नेम हवा तर वेग जाई, वेग हवा तर नेम जाई.

ही कोंडी १८४९ साली मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने फोडली. त्याची गोळी लांबट, टोकदार, बुडाशी पोकळ आणि नळीपेक्षा किंचित बारीक. भरताना सहज उतरायची, आणि बार होताच वायूच्या दाबाने फुगून खाचांत बसायची. याच तत्त्वावर इंग्रजांनी १८५३ ची एन्फील्ड रायफल केली. नळी ३९ इंच लांब, आत तीन खाचा, तोंड इंचाच्या ५७७ सहस्रांश भागांचे. शेकडो यार्डांवर तिचा नेम लागे.

पण काजळी काही सुटली नव्हती. ती मऊ राहावी आणि गोळी सुरळीत उतरावी म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी आणि मेण यांचा लेप देत. काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी, एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. कवायतीचा नियम असा, की एका हातात बंदूक सावरलेली, म्हणून पुंगळीचे टोक दातांनी फाडायचे.

इथे क्षणभर थांबा. कारागिराच्या दृष्टीने लेप आवश्यकच होता. पण चरबी कोणत्या जनावराची, याची खबरदारी घेतलीच गेली नव्हती. हिंदूला गाय आणि मुसलमानाला डुक्कर. आणि दोघांनाही ते तोंडात धरायला लावणारा हुकूम! जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या छावणीत एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने नकार देताच तो म्हणाला, आता तुमची जात राहतेच कुठे! ही हकीकत तेव्हाच अधिकाऱ्यांच्या कानी गेली होती.

सरकारने मग सुधारणा केल्या. शिपायांनी आपल्या पसंतीचा लेप वापरावा. पुढे, काडतूस दातांऐवजी हाताने फाडावे. पण विश्वास एकदा उडाला म्हणजे कागदाची चकाकीसुद्धा संशयास्पद वाटते. फेब्रुवारीत बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने काडतुसे घेण्यास नकार दिला. २९ मार्चला बराकपुरात मंगल पांडे यांनी बंदूक उचलली. २४ एप्रिलला मेरठमध्ये ९० घोडेस्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसांना हात लावला नाही; आणि ती तर जुन्याच तऱ्हेची, बिनचरबीची होती! ९ मे रोजी त्यांना सर्वांसमक्ष बेड्या ठोकल्या आणि १० मेला मेरठ पेटले. ३१ जुलैला आपल्या कोल्हापुरातही २७ व्या पलटणीचे शिपाई उठले. वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच साली उत्तरेकडे निघाले होते. काडतुसांची हकीकत त्यांच्या 'माझा प्रवास' मध्येही आली आहे.

एक काडतूस म्हणजे सत्तावनचे कारण, असे मी म्हणत नाही. खालसा झालेली राज्ये, १८५६ साली गिळलेली अयोध्या, शिपायांचे तुटलेले भत्ते, ही दारू कधीची ठासून भरलेली होती. काडतूस ही केप. पण केप नसेल तर बार होत नाही, हेही तितकेच खरे. माणसाच्या तोंडाशी काय नेतो आहोत, हे हुकूम काढणाऱ्याने त्या माणसाला विचारले नाही. चूक होती ती एवढीच, आणि एवढी मोठी.

पुढे सरकारनेही आपला धडा घेतला. पण तो वेगळाच. हिंदी पलटणींच्या हाती बराच काळ गुळगुळीत नळीच्याच बंदुका दिल्या. १८६६ पासून एन्फील्डलाच मागून भरायची सोय झाली आणि ठासण्याची विद्या फौजेतून मावळली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या बंदुकीवर परवान्याचे बंधन आले. ठासणीची बंदूक उरली ती शेतकऱ्याच्या आढ्याला.

ती आपल्या घरी असेल, तर दोन गोष्टी जरूर ध्यानात ठेवा. एक : जुनी बंदूक रिकामी आहे असे कधीही धरून चालू नका. आजोबांनी भरलेला बार नातवाच्या काळातही उडू शकतो, कारण कोरडी राहिलेली दारू वर्षानुवर्षे मरत नाही. पोरांच्या हाती देण्याआधी, पूजेला मांडण्याआधीही, गज आत सोडून खूण पाहा. शंका आली तर घरी खटपट न करता परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाल्याकडे न्या. दुसरी : नव्या काडतुसातली बिनधुराची दारू तिच्यात चुकूनही घालू नका. जुनी नळी तो जोर सोसत नाही; ती फुटते आणि हाताची बोटे नेते.

येत्या खंडेनवमीला तिच्यावर फूल वाहाल, तेव्हा नळीच्या तोंडाशी एकदा बोट फिरवून पाहा. थोडी काळी पूड लागेल. ती धुताधुताच माणसाने चाके शोधली, गोळ्यांचे आकार बदलले, चरबीचे लेप दिले; आणि त्या लेपापायी एक साम्राज्य हादरले. फूल वाहण्याआधी ती पूड मात्र पुसून घ्या.