संघनायकाची परंपरा

इ. स. १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल या सेनानीने सुमारे वीस मुलांचे जे आठवडाभराचे शिबिर भरविले, त्याचे वर्णन करणारे बहुधा तंबू, शेकोटी आणि कुडू हरणाच्या शिंगाचा नाद यांतच रमतात. परंतु स्काउट (बालवीर) चळवळीच्या आरंभीच्या त्या शिबिराचे खरे ऐतिहासिक महत्त्व मुलांच्या विभागणीत होते. पशुपक्ष्यांची नावे धारण करणारे चार संघ पाडण्यात आले, प्रत्येक संघावर त्यातलाच एक थोराड मुलगा नायक नेमला गेला, आणि संघातील मुलांच्या वर्तनाची व कामाची जबाबदारी सर्वस्वी त्याच्याच शिरावर राहील, असे ठरले. ईटन-हॅरोसारख्या श्रीमंत विद्यालयांतील मुले आणि बोर्नमथ व पूल येथील बॉइज ब्रिगेडची साध्या घरांतील मुले या संघांत एकत्र नांदली, ही गोष्टही त्या काळच्या इंग्लंडात सामान्य नव्हती.

या कल्पनेचे एक मूळ दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धातल्या मॅफेकिंगच्या वेढ्यात सापडते. १८९९-१९०० मध्ये २१७ दिवस चाललेल्या त्या वेढ्यात मनुष्यबळ अपुरे पडू लागले, तेव्हा बेडन-पॉवेल यांच्या हाताखालचे अधिकारी लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी गावातील पोरांचे एक पथक उभारले. निरोपांचे खलिते पोचविणे, टेहळणीच्या जागी उभे राहणे ही जासुदांची कामे त्या मुलांनी प्रौढांच्या बरोबरीने पार पाडली. तो संग्राम साम्राज्याच्या स्वार्थाचा होता, आणि त्याच वेढ्यात तेथील आफ्रिकी रहिवाशांची जी उपासमार झाली ती या गौरवकथेत क्वचितच येते, हे विसरता कामा नये. तथापि, विश्वास टाकला तर किशोरवयीन मुलगा तो सार्थ करतो, एवढा अनुभव बेडन-पॉवेल यांनी तेथून निश्चितपणे आणला.

अनुभवाला शास्त्राचे रूप मात्र दुसऱ्याच एका तरुणाने दिले. रोलंड फिलिप्स हा उमराव घराण्यातला युवक पूर्व लंडनच्या दरिद्री वस्तीत मुलांमध्ये राहून काम करीत असे. त्याने १९१४ साली संघपद्धतीवर एक छोटे पुस्तक लिहिले. पथकाचा कारभार संघनायकांच्या सभेने मसलत करून चालवावा, हा त्याचा आग्रह होता. १९१६ मध्ये सॉमच्या रणांगणावर तो मारला गेला. चळवळीच्या इतिहासात त्याचे स्थान संस्थापकाच्या खालोखाल मानले पाहिजे, असे मला वाटते.

पण मुलांच्या हाती सत्ता सोपवायची, तर ती सोडण्याची सवय प्रथम वडीलधाऱ्यांना हवी. ही उणीव भरून काढण्यासाठी लंडनच्या सीमेवर, एपिंगच्या अरण्यालगत, गिलवेल पार्क हे प्रशिक्षणकेंद्र उभे राहिले. डब्ल्यू. डी बॉइस मॅक्लारेन या स्कॉटिश गृहस्थाच्या देणगीतून १९१९ साली ती जुनी, पडीक मालमत्ता विकत घेण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या ८ सप्टेंबरला फ्रान्सिस गिडनी यांच्या देखरेखीखाली एकोणीस पथकप्रमुखांचा पहिला वर्ग सुरू झाला. या प्रौढांना कोणी व्याख्यानांवर व्याख्याने दिली नाहीत. त्यांना मुलांप्रमाणेच संघांत विभागून तंबूत राहावयास लावले, आणि एकाच्या हुकमाखाली दुसऱ्याने वागावे व उद्या त्याने नायक व्हावे, अशी पाळी लावली. अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास दोन लाकडी मणी मिळत. झुलू राजा डिनुझुलूची म्हणून जी माळ बेडन-पॉवेल यांनी आफ्रिकेतून आणली होती, तिचेच मणी आरंभी या सन्मानासाठी वाटण्यात आले. पराभूत मुलखातून आलेले ते चिन्ह आज आपल्याला खटकते, आणि खटकावेच. परंतु नेतृत्व करण्याआधी आज्ञापालनाचा अनुभव घ्यावा, हा त्या शिक्षणाचा गाभा निर्दोष होता.

हिंदुस्थानात ही चळवळ १९०९ साली बंगळुरात आली, ती मात्र गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. देशी मुलांना सरकारी धोरणाने प्रवेशाची मुभा नव्हती, कारण संघटित, शिस्तबद्ध हिंदी तरुणांचे भय राज्यकर्त्यांना वाटत होते. या मनाईला उत्तर म्हणून डॉ. ॲनी बेझंट यांनी १९१७ मध्ये मद्रासेत स्वतंत्र संस्था काढली, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेस सेवा समितीची बालवीर संघटना उभी केली. महाराष्ट्रात १९४१ साली स्थापन झालेल्या आणि एस. एम. जोशी यांनी धुरा वाहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा व शिबिरांची वेगळी, स्वातंत्र्यलढ्याशी निगडित वाट चोखाळली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, निरनिराळ्या बालवीर संघटनांचे विलीनीकरण होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकच संस्था झाली. पुढल्या वर्षी वीरबालांची, म्हणजे गर्ल गाइड्सची, संघटनाही तीत आली, आणि नंतर पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षणकेंद्र निघाले.

आज कित्येक शाळांत स्काउटिंग गणवेश, संचलन आणि प्रमाणपत्रे यांत अडकून पडले आहे, आणि संघनायक नावापुरताच उरला आहे. ज्या शिक्षकांच्या हाती पथक आहे, त्यांना माझी विनंती आहे, की पुढच्या शिबिरात तंबूची जागा, स्वयंपाकाची वाटणी आणि रात्रीच्या पहाऱ्याचा बंदोबस्त संघनायकांच्या सभेलाच ठरवू द्यावा, आणि काही चुकले तर ते दुरुस्त करण्याची संधीही प्रथम तिलाच द्यावी.